पैले खोल के देखते

किनवटला वस्तू घेताना माणसं भाव मागाहून विचारायची. आधीचा प्रश्न असायचा, "बिघडली तर हितं कोण नीट करतं?" नांदेड सव्वाशे किलोमीटरच्या पुढं. आदिलाबाद जवळ, पण ते तेव्हाच्या आंध्रात. एका अंगाला पैनगंगा, बाकी सगळीकडं सागाचं रान. मुदखेडहून आदिलाबादला जाणारी मीटरगेजची गाडी भोकर, हिमायतनगर, सहस्रकुंड, बोधडी असं थांबत थांबत यायची. तिच्यावर घालून रेडिओ नांदेडला धाडला तर तो परत कधी येईल याचा भरवसा नसायचा. न बिघडणारी वस्तू असते यावर तर कुणाचा विश्वासच नव्हता. वीज कमीजास्त व्हायची, पावसाळ्यात भिंतींना ओल चढायची, उन्हाळाभर धूळ, आणि स्विचबोर्डात पाली. अशा गावात बिघडणार सगळंच. गावातल्या गावात उघडून नीट करता येते ती वस्तू चांगली, एवढा सरळ हिशेब होता.

आज हाच हिशेब मी माझ्या घरातल्या वस्तूंना लावते तेव्हा बहुतेक नापास होतात. ज्या पास होतात त्यांतल्या निम्म्या आईच्या लग्नात आलेल्या आहेत.

बसस्टँडकडून बाजारात शिरताना तेव्हा एक रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. एक टेबल, वर लोंबता बल्ब, मागं फळ्यांवर उघडे पडलेले सेट. चालवणारे चाचा दखनी बोलायचे. किनवट 1956 पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होतं, म्हणजे पूर्वीच्या निजामाच्या मुलखातलं. त्यामुळे मराठी, तेलुगू, दखनी, गोंडी आणि बंजारा अशा भाषा एकाच बाजारात कानावर पडायच्या, आणि दुरुस्तीवाल्याला त्या सगळ्या थोड्याथोड्या याव्या लागायच्या. गिऱ्हाईक काहीही सांगो, आवाज खरखरतो, स्टेशन सरकतं, सेट मधेच मुका होतो, चाचांचं उत्तर ठरलेलं: "पैले खोल के देखते, बाद में बोलते."

मग ते गिऱ्हाइकाच्या समोरच सेट उघडायचे. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. मागचे स्क्रू निघाले, पुठ्ठा बाजूला झाला की आत सगळं दिसायचं. फेराइटची काळी कांडी, तिच्यावर गुंडाळलेली तांब्याची बारीक तार, स्टेशन लावायची पत्र्यांची गँग, काटा ओढणारी डोरी. काटा सरकत नसेल तर डोरी ढिली झालेली असायची. चाचा मासे धरायच्या गळाचा दोरा घेऊन नवी डोरी ओवायचे. आवाज खरखरत असेल तर व्हॉल्यूमच्या कंट्रोलमध्ये रॉकेलचा थेंब सोडून बटण आठदहा वेळा मागंपुढं फिरवायचे. एखादा डाग सुटला असेल तर कथलाची तार आणि राळ घेऊन तो पुन्हा मारायचे, तेव्हा राळेचा गोडसर धूर दुकानभर व्हायचा. जुन्या व्हॉल्व्हच्या काही सेटांमध्ये मागच्या पुठ्ठ्याला आतून सर्किटचा नकाशाच चिकटवलेला असे. कंपनीनं गृहीतच धरलेलं होतं की हा सेट कधीतरी कुणीतरी उघडणार आहे, आणि त्या अनोळखी माणसाला मदत करणं आपलं काम आहे.

त्या काळी घरात रेडिओ ठेवायचा तर पोस्टात जाऊन लायसन काढावं लागायचं. लायसन, चामड्याचं भोकांचं कव्हर आणि सेल, हा रेडिओचा संसार. सेल महाग पडायचे. उतरत आलेले सेल आजोबा दुपारी अंगणात उन्हाला मांडून ठेवायचे. उष्णतेनं आतलं रसायन थोडं जागं होतं आणि संध्याकाळच्या बातम्यांपुरता आवाज परत येतो. परभणी आकाशवाणी लागायची, हवा चांगली असेल तर हैदराबाद, आणि बुधवारी रात्री मोठी माणसं सिलोनवर अमीन सयानींची गीतमाला शोधत बसायची. तो रेडिओ आजही चालतो. मध्यम लहरीवर त्याला सापडणारी स्टेशनं मात्र फार थोडी उरली आहेत. हे दुखणं वेगळं आहे, त्याच्याकडं पुढं येते.

घड्याळ म्हटलं की एचएमटी. हिंदुस्थान मशीन टूल्सनं 1961 मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीनं बेंगळुरूला घड्याळाचा कारखाना काढला. त्यातलं 'जनता' हे मॉडेल आमच्या भागात मास्तर, तलाठी, कंडक्टर अशा सगळ्यांच्या मनगटावर दिसायचं. लग्नात नवरदेवाला घड्याळ, सायकल आणि रेडिओ मागायची रीत होती. रीत वाईट होती, त्यापायी कितीतरी बापांनी रानं गहाण टाकली. पण त्या घड्याळांनी मात्र संसारभर साथ दिली, हेही खरं. रोज सकाळी किल्ली द्यायची की दीड दिवस बघायला नको. आत 17 ज्वेल असायचे. चाकांचे आस जिथं फिरतात तिथं माणकाचे बारीक लाल खडे बसवलेले, म्हणजे धातूवर धातू घासत नाही. दोन-तीन वर्षांनी घड्याळजीकडं द्यायचं. तो डोळ्याला भिंग लावून सगळं सुटं करायचा, बेंझिनमध्ये धुवायचा, सुईच्या टोकानं तेल द्यायचा. वडिलांच्या 'जनता'ची काच दोनदा बदलली, पट्टे तर किती बदलले असतील. यंत्र तेच आहे. एचएमटीचा घड्याळाचा धंदा 2016 मध्ये बंद झाला, पण घड्याळ त्याची वार्ताही नसल्यासारखं चालतं. त्याला चालायला कंपनी लागत नाही.

मिक्सरचं उदाहरण तर आपल्या देशातल्या इंजिनिअरांनी अभिमानानं सांगावं असं आहे. सत्यप्रकाश माथुर हे इंजिनिअर. त्यांच्या घरचा जर्मन बनावटीचा मिक्सर आपल्याकडच्या वाटणानं जळाला. तो मिक्सर मऊ पदार्थ घुसळायला केलेला, त्यात डाळ-तांदूळ, खोबरं, मसाला टाकला तर मोटार किती तग धरणार? त्यांनी 1963 मध्ये जास्त ताकदीच्या मोटारीचा मिक्सर काढला, तोच 'सुमीत'. आमच्या घरी शेंगदाण्याची चटणी, येसर, काळा मसाला, सगळं त्या एका यंत्रानं पेललं. कार्बन झिजला की मोटार ठिणग्या टाकायची. मग कार्बनची जोडी आणायची आणि स्क्रूड्रायव्हरनं आई स्वतः बदलायची. आई चौथी शिकलेली. ते काम तिला कुणी शिकवलं नव्हतं. कार्बनची टोपणं बाहेरूनच दिसत होती आणि त्यांना खाच होती, एवढं तिला पुरलं.

टीव्ही आला तो व्हिडिओकॉनचा. मराठवाड्याला त्या नावाचं वेगळं कौतुक होतं. कारखाना आपल्याकडचा, औरंगाबादजवळ पैठण रस्त्यावर चितेगावला. गावातला एखादा पोरगा तिथं कामाला लागला की टीव्हीतलं काहीतरी आपलं झाल्यासारखं वाटायचं. रामायण सुरू झालं ते 1987 च्या जानेवारीत. रविवारी सकाळी गच्चीवर एक माणूस अँटेना फिरवतोय, खाली खिडकीतून दुसरा ओरडतोय, "आलं, आलं... गेलं!" खाली टीव्हीशेजारी लोखंडी पेटीतला स्टॅबिलायझर, त्याचा काटा 180 वर थरथरत असायचा. पिक्चर ट्यूब जाईपर्यंत टीव्ही जायचा नाही. बाकी काहीही गेलं तरी कंडेन्सर, फ्यूज, फ्लायबॅक हे गावात मिळायचं. व्हिडिओकॉन 2018 मध्ये दिवाळखोरीच्या कोर्टात गेली. चितेगावची बातमी वाचली तेव्हा आमच्याकडं कितीतरी जणांना घरातलं माणूस आजारी पडल्यासारखं झालं.

आता गेमकडं येते. त्याच्याबद्दल आमच्या पिढीच्या मुलींनी फारसं लिहिलेलं नाही, म्हणून जरा सैलपणे सांगते.

व्हिडिओ गेमचं पार्लर गावात आलं तेव्हा तिथं मुली जात नसत. भाऊ जायचा आणि येऊन वर्णन करायचा. पुढं कुणीतरी गेमची मशीन भाड्यानं द्यायला सुरुवात केली, पूर्वी व्हीसीआर द्यायचे तशी. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही भावंडांनी पैसे जमवून एका रात्रीसाठी ती घरी आणली. मीडिया, टर्मिनेटर अशी नावं या मशीनवर असायची. त्यांचं मूळ जपानी निन्टेंडोच्या फॅमिकॉममध्ये होतं हे आम्हाला कुठं माहीत! फॅमिकॉम जपानात 1983 मध्ये निघालं. आमच्यापर्यंत त्याच्या नकला आल्या, त्याही दहाएक वर्षांनी.

मारियो त्या रात्री पहिल्यांदा माझ्या हातात आला. खिळा ठोकावा तसा अंगठा बटणावर दाबून धरलेला, आणि उडी मारताना मारियोबरोबर मीही रिमोट घेऊन वर उचलली जायची. सगळीच पोरं तसं करायची. आम्ही कंट्रोलरला रिमोटच म्हणायचो आणि कार्ट्रिजला कॅसेट. फूल खाल्लं की गोळ्या मारता येतात, हिरव्या पाइपात खाली दाबलं तर तळघर लागतं, बंद भिंतीच्या वरून चालत गेलं तर पुढच्या जगात थेट जाता येतं, हे ज्ञान नांदेडहून सुट्टीला आलेल्या मामेभावानं आणलं. 1985 चा तो अख्खा गेम फक्त 40 केबीचा. जागा वाचवायला करणाऱ्यांनी आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप एकाच चित्रातून काढलं, रंग फक्त वेगळा दिला. ही गोष्ट मला मोठेपणी कळली आणि मी मशीन लावून पुन्हा बघितलं. खरंच तेच चित्र आहे. एवढ्याशा जागेत आठ जगं बसवणाऱ्या शिगेरू मियामोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांबद्दल तेव्हापासून मला फार आदर आहे. आज व्हॉट्सअपवर येणारा शुभ सकाळचा एक फोटो याहून मोठा असतो.

पण भावाबहिणीचा खरा गेम म्हणजे काँट्रा. दोघं एकाच वेळी, खांद्याला खांदा लावून. वरून अक्षरं उडत यायची, आणि त्यातलं एस घेतलं की गोळ्यांचा पंखा सुटायचा. "एस घे, एस घे!" असं ओरडत आम्ही इंग्रजी मुळाक्षरांतलं एक अक्षर तरी कायमचं पाठ केलं. तिसऱ्या टप्प्यात धबधबा लागतो. खडकांवरून उड्या मारत वर चढायचं. त्याला आम्ही सहस्रकुंड म्हणायचो, कारण पावसाळ्यात इस्लापूरजवळ पैनगंगेचं पाणी काळ्या खडकावरून तसंच कोसळताना आम्ही पाहिलं होतं. या टप्प्यात एक गोम आहे. एक गडी घाईनं वर गेला की पडदा वर सरकतो आणि खाली राहिलेला दुसरा गडी मरतो. भाऊ नेहमी पुढं पळायचा. दोनतीनदा मी मेल्यावर तो थांबायला शिकला. "तायडे, आलीस का? चढू का आता?" असं विचारल्याशिवाय उडी मारेना. घरात कुणाच्या सांगण्यानं जमलं नव्हतं ते त्या धबधब्यानं जमवलं.

तीस जीव मिळवायची युक्ती गावातल्या प्रत्येक पोराला तोंडपाठ होती. वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, मग बी, ए. ती काझुहिसा हाशिमोतो या कोनामी कंपनीतल्या माणसानं ग्रेडियस नावाच्या दुसऱ्याच गेमसाठी केली होती. तो गेम त्याला स्वतःला तपासायला अवघड जात होता, म्हणून. 2020 च्या फेब्रुवारीत तो वारला. इंटरनेट नाही, गेमची मासिकं नाहीत, आणि जपानातल्या एका माणसाच्या सोयीची युक्ती किनवटच्या शाळेत मधल्या सुट्टीत एकमेकांच्या कानात सांगितली जात होती. हे आठवलं की मला आजही नवल वाटतं.

टँकचा गेम म्हणजे बॅटल सिटी. त्यात नकाशा आपण स्वतः बांधू शकतो. विटा, लोखंड, पाणी, झाडी, हवं तसं रचायचं. मधलं गरुडाचं चिन्ह वाचवायचं, त्याला आम्ही कबुतर म्हणायचो. भाऊ त्या कबुतराभोवती लोखंडाच्या तटबंद्या उभ्या करायचा. मला तर वाटतं, तो पुढं ओव्हरसिअर झाला त्याची सुरुवात तिथंच झाली असेल.

कॅसेट चालली नाही की फुंकर मारायची. सगळी दुनिया मारायची. खरं तर फुंकरीनं काही होत नव्हतं, कॅसेट काढून पुन्हा बसवल्यानं पिना नव्या जागी टेकायच्या आणि गेम सुरू व्हायचा. उलट श्वासातल्या ओलीनं पिना गंजायच्या. पण चाचांनी एकदा भावाला खोडरबर दिलं आणि पिना घासायला सांगितल्या. त्यानंतर आमची कॅसेट अडली नाही. आमचं स्वतःचं मशीन पुढं दिवाळीत आलं, ते अजून आहे.

इथं एक गोष्ट मला सांगितलीच पाहिजे, कारण जुनं ते सगळंच सोनं असं म्हणणाऱ्यांत मी नाही. ही नकली मशीन चाचांनी उघडली तेव्हा आत एक लहानशी पाटी आणि तिच्यावर काळ्या डांबरासारखा एक गोळा निघाला. सगळी चिप त्या गोळ्याखाली गाडलेली. पिना नाहीत, नंबर नाही. चाचांनी ती पाटी उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाले, "इसमें खोलने का कुछ रखेच नहीं." वायर तुटली, बटणाचं रबर गेलं, अडॅप्टर जळला तर ते नीट करायचे. गोळा बिघडला तर मशीन फेकायची. उघडता न येणाऱ्या वस्तूंचा काळ आमच्या गावात मोबाइलनं आणला असं लोक म्हणतात. मी तो त्याआधीच त्या काळ्या गोळ्यात पाहिला होता. अस्सल फॅमिकॉमचं मात्र निन्टेंडो जपानात 2007 पर्यंत दुरुस्ती करून देत होती, म्हणजे विक्री सुरू झाल्यापासून चोवीस वर्षं. सुटे भाग मिळेनासे झाले तेव्हा थांबली. स्वस्त नक्कल आणि महाग अस्सल यांच्यातला फरक असा नंतर कळतो. पण अस्सल आम्हाला परवडणारच नव्हतं, आणि नकलेनं आम्हाला मारियो दिला, म्हणून तिला दोष द्यायला माझं मन घेत नाही.

आईला गेम आवडला तो एकच. जत्रेतून आणलेला ब्रिक गेम, हातात मावणारा, दोन पेन्सिल सेलवर चालणारा, वर 9999 गेम लिहिलेलं आणि आत मोजकेच. त्यातला टेट्रिस हा मॉस्कोतल्या अलेक्सी पाजितनोव यांनी 1984 मध्ये बनवलेला. आईला वाचायला काहीच लागायचं नाही. विटा पडतात, ओळ भरली की जाते. संध्याकाळी लाइट गेली की ती स्वयंपाक आटोपून कंदिलाजवळ ब्रिक गेम घेऊन बसायची. त्याच्या पडद्याला आतून उजेड नव्हता, म्हणून कंदिलाकडं तिरका धरून खेळायची. वडील म्हणायचे, "आता पोरी खेळायच्या तर तूच खेळायलीस!" ती मान वर न करता म्हणायची, "थांबा जी, ही ओळ जाऊ द्या."

मग मोबाइल आले. नोकिया 1100 निघाला 2003 मध्ये, आणि तो आमच्यासारख्या गावांसाठीच केला होता असं म्हटलं तर चूक नाही. बटणांवर सलग रबर, म्हणजे धूळ आत जात नाही. पाठीला पकड, घामेजल्या हातातून सटकत नाही. डोक्याला टॉर्च. भारनियमनाच्या दिवसांत रात्री रानात मोटार चालू करायला जाणाऱ्या माणसाला त्या टॉर्चची किंमत विचारावी. जगभरात 25 कोटींहून जास्त विकला गेला. मागचं झाकण नखानं निघायचं, बॅटरी बाहेर. बॅटरी बीएल-5सी. तिच्या एका जपानी उत्पादकाच्या खेपेत 2007 मध्ये दोष निघाला आणि 4 कोटी 60 लाख बॅटऱ्यांबद्दल इशारा द्यावा लागला. लोकांनी काय केलं? झाकण काढलं, बॅटरीवरचा नंबर बघितला आणि सदोष निघाली तर बदलून घेतली. फोन फेकायची वेळ आली नाही, कारण बॅटरी हातानं निघत होती. बाजारात मिळणाऱ्या लहान रेडिओंमध्ये आणि भजनाच्या डब्यांमध्ये अजून तीच बॅटरी बसते.

आणि त्यातला साप! नोकियात काम करणाऱ्या तानेली आर्मांतो यांनी तो 1997 च्या 6110 मॉडेलसाठी केला. एसटीत, दवाखान्याच्या रांगेत, तहसीलमध्ये सातबाऱ्याची वाट बघताना माणसं साप वाढवायची. त्याला नेट लागत नव्हतं, जाहिरात येत नव्हती, कुणी पैसे मागत नव्हतं.

आजचं चित्र माझ्या भाच्यावरून सांगते. तो पबजी खेळायचा. माझ्यापेक्षा त्याचं कौशल्य कितीतरी पटीनं जास्त, मुंबईच्या पोरांशी बोलत बोलत खेळायचा, हे मला आवडायचंही. 2 सप्टेंबर 2020 ला सरकारनं 118 ॲपवर बंदी घातली, त्यात पबजी होतं. बंदीच्या कारणांत मी शिरत नाही. पुढच्या जुलैत तोच गेम बीजीएमआय नावानं आला, 2022 च्या जुलैत पुन्हा गायब झाला, 2023 च्या मे महिन्यात पुन्हा आला. या सगळ्या काळात फोन तोच होता, भाचा तोच, त्याची बोटं तीच, गेम मात्र दूरच्या कुठल्या तरी सर्व्हरवर. तिथं कुणी बटण दाबलं की इथं खेळ संपला. आमचं दिवाळीतलं मशीन आणि मारियोची कॅसेट या तीस वर्षांत कुणाच्या परवानगीवाचून चालताहेत.

मला वाटतं टिकण्याबद्दल लोक बोलतात तेव्हा ही बाजू राहून जाते. वस्तू लोखंडाची होती का प्लास्टिकची, हा प्रश्न लहान आहे. तिला चालायला दुसऱ्या कुणाची गरज लागते, हा मोठा. दूरदर्शननं आपले जुने ॲनालॉग ट्रान्समीटर 2022 पर्यंत बहुतेक बंद केले, तेव्हा अँटेनावाले सगळे टीव्ही चालू स्थितीत असूनही आंधळे झाले. नोकिया 1100 आज चालतो तो कुठं टू-जी शिल्लक आहे तोवरच. बदकं मारायच्या गेमची बंदूक तर फारच चटका लावणारी. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो, आणि बंदुकीच्या नळीतला डोळा तो उजेड पकडतो. जुन्या ट्यूबच्या टीव्हीवर हे काम लगेच व्हायचं. आजच्या सपाट टीव्हीत चित्र उमटायला थोडा उशीर लागतो, तेवढ्यानं बंदुकीला काही दिसत नाही. आमची बंदूक धडधाकट आहे, तिच्या जोडीचा टीव्ही उरला नाही. एचएमटी, सुमीत, मारियो हे टिकले ते स्वतःच्या पायांवर उभे होते म्हणून.

जुन्या वस्तू महाग होत्या, हेही विसरू नये. टीव्ही घ्यायला वडिलांनी कापसाचे पैसे येईपर्यंत दोन हंगाम वाट पाहिली. आज त्याहून मोठा टीव्ही एका हप्त्यावर घरी येतो, आणि ज्या घरांत कधीच आला नसता तिथंही येतो. हे चांगलंच झालं. वाईट एवढंच, की तो बिघडला की आपण हतबल होतो. परवा आमच्याकडचा टीव्ही वॉरंटी संपल्यावर काळा पडला. नांदेडच्या माणसानं फोनवरच सांगितलं, पॅनल गेलंय, नवाच घ्या, दुरुस्तीला तेवढेच पडतील. उघडून बघितलं नाही. माझा राग त्या माणसावर नाही, त्याच्या हातात काही ठेवलेलंच नाही.

किनवटला दुरुस्तीची अक्कल मात्र कमी झालेली नाही. चाचांचं दुकान गेलं, पण बाजारात मोबाइल दुरुस्तीची दुकानं आहेत आणि तिथं बसलेली पोरं मी तासभर उभी राहून बघितली आहेत. कुणी आयटीआय केलेलं, कुणी हैदराबादला शिकून आलेलं, कुणी नुसतं व्हिडिओ बघून. सूक्ष्मदर्शकाखाली केसाएवढ्या तारेचा जंपर मारतात. गरम हवेनं गोंद सैल करून पडदा उचलतात. एक मेलेला फोन फोडून त्याची चिप दुसऱ्याला बसवतात. त्यांचं काम चाचांपेक्षा कठीण आहे, कारण त्यांना कंपनीकडून नकाशा मिळत नाही, भाग अस्सल की फर्स्ट कॉपी हे नशिबावर, आणि काही फोनमध्ये तर अस्सल भाग बसवला तरी नंबर जुळला नाही म्हणून फोनच तक्रार करतो.

युरोपात 20 जून 2025 पासून नियम लागू झाला. फोनची विक्री थांबल्यावरही महत्त्वाचे सुटे भाग सात वर्षं पुरवायचे, बॅटरी 800 वेळा चार्ज झाल्यावरही ऐंशी टक्के शिल्लक राहिली पाहिजे. आपल्याकडं ग्राहक व्यवहार विभागानं जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षाच्या अखेरीस पोर्टलही काढलं. त्यांनी चार क्षेत्रं धरली आहेत: शेतीची अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं, वाहनं. पोर्टलवर कंपन्यांनी माहिती टाकावी अशी अपेक्षा आहे, सक्ती नाही. ती सक्ती व्हावी, सर्किटचे नकाशे आणि सुटे भाग तालुक्याच्या दुकानापर्यंत यावेत, आणि सुरुवात शेतीच्या अवजारांपासून करावी. टीव्ही महिनाभर बंद राहिला तर चालतं. ऐन सोयाबीन काढणीत एका सेन्सरसाठी ट्रॅक्टर बांधावर उभा ठेवून नांदेडच्या माणसाची वाट बघणं आमच्याकडच्या कुठल्याच घराला परवडत नाही.